टाकी मी धुतली

आमच्याकडं शेवाळ म्हणजे पाय घसरायची वस्तू. विहिरीच्या पायरीवर धरलं की खराट्यानं खरवडायचं, हौदात धरलं की नारळाच्या शेंडीनं घासायचं. माझा अर्धा जन्म शेवाळाशी वैर करण्यात गेला. त्यामुळं निघोज्याहून महाळुंग्याकडं जाणाऱ्या रस्त्याला तिघांनी एक शेड भाड्यानं घेतली, आणि मला सांगितलं की आम्ही इथं शेवाळ वाढवणार, ते पिळून तेल काढणार आणि त्या तेलावर बसगाड्या पळवणार, तेव्हा मी त्यांच्या तोंडावर हसलो होतो.

हसलो, आणि तिथंच चिकटलो.

मी चौथी शिकलेला माणूस. भोसरीला पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं मशीन चालवली. माझ्या मशीनवरून कुणीही बोट फिरवावं, बोटाला काळं लागलं तर मी नाव बदलीन, असं मी सुपरवायझरला सांगून ठेवलं होतं. कुणाच्या बोटाला कधी काही लागलं नाही. रिटायर झाल्यावर घरात बसवेना. त्यांच्या शेडचं कुंपण आमच्या कारखान्यांना देऊन उरलेल्या जमिनीला लागून. रोज सकाळी कुंपणाशी उभा राहायचो आणि पत्रा सुटलाय, नळ गळतोय, मोटर घरघरतेय, असं न विचारता सांगायचो. शेवटी एक दिवस त्यांनीच विचारलं, "आबा, तुम्ही आतच या ना. कामाला."

"येतो. पन वॉचमन म्हनून न्हाई. गेटवर बसून सलाम ठोकायचं काम माझ्या बापानं केलं न्हाई, मी करनार न्हाई."

"मग कार्डावर काय लिहायचं?"

"ऑपरेटर."

त्यांनी खरंच लिहिलं. ऑपरेटर, टाकी विभाग. त्या विभागात मी एकटाच होतो, पण कार्ड गळ्यात घालून मी गावच्या पारावरून दोनदा फिरून आलो.

आता ते तिघं. मॅडम निगडीच्या, वडील शाळेत मास्तर. त्यांनी शेवाळाचं शिक्षण घेतलं होतं. असलं शिक्षण असतं हे मला त्यांच्यामुळंच कळलं. इंजिनिअर लातूरकडचा. आधी गाड्यांच्या कंपनीत लाइनवर होता, ती पक्की नोकरी सोडून आलेला. पान्याला हात लावला की त्याच्या चेहऱ्यावर शांतता यायची. तिसरा पिंपरीतच वाढलेला. तो बाहेरचं सगळं बघायचा. परवानग्या, भेटीगाठी, कंपन्यांच्या साहेबांशी बोलणं. फोन त्याच्या कानाला जन्मापासून असावा. आम्ही त्याला 'बाहेरचे साहेब' म्हणायचो. माझ्या बायकोच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला तेव्हा हाच माणूस दोन दिवस सगळी कामं टाकून तिला स्वतःच्या गाडीनं दवाखान्यात ने-आण करत होता. ऑपरेशन झाल्यावर तिनं पहिल्यांदा त्याचंच तोंड पाहिलं. माझं नंतर. अजून सांगते ती सगळ्यांना.

"तुमच्यात मालक कोन?" मी सुरुवातीलाच विचारलं होतं.

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "तिघंही."

"असं कसं चालंल? गाडीला ष्टेरिंग एकच असतंय."

"आमच्या गाडीला तीन आहेत आबा," बाहेरचे साहेब म्हणाले. "म्हणून तर सारखी वळतेय, पुढं जात नाहीये."

त्यांची एक गोष्ट मला अजिबात पटली नव्हती. शेडच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता आणि त्याच्यावर ज्याची चूक त्यानं स्वतःच्या हातानं लिहायची. रोज सकाळी चहाच्या वेळी फळ्यापुढं उभं राहून वाचायची. कुणी कुणाला बोलायचं नाही, फक्त पुढं काय करायचं ते ठरवायचं. 'मोटर बंद करायला विसरलो.' 'साहेबांना चुकीची तारीख कळवली.' 'रागावून बोलले.' हे शेवटचं मॅडमनी लिहिलं होतं. महिना संपला की फळा पुसायचा, ते काम माझ्याकडं.

"आबा, तुम्ही कधी काही लिहीत नाही," मॅडम म्हणायच्या.

"मी चुकत न्हाई."

"कधीच नाही?"

"तीस वर्षात एकदा चुकलो. त्ये बोट बघा." डाव्या हाताचं अर्धं बोट दाखवलं की विषय संपायचा.

खरं कारण निराळं होतं. एक तर आमच्या प्रेस शॉपमध्ये चूक लपवता आली तोच माणूस शहाणा. भिंतीवर लिहिणारा वेडा. आणि दुसरं म्हणजे माझं अक्षर. वेलांटी कुठली द्यायची ते मला अजून धड कळत नाही. तीन शिकलेल्या माणसांपुढं मी ते उघडं करणार नव्हतो.

शेडच्या मागं चार लांबट तळी होती, गुडघाभर खोल. प्रत्येकात एक चाक पाणी ढवळत फिरायचं. शेजारच्या कारखान्याच्या बॉयलरचा धूर नळीनं आणून त्या पाण्यात सोडायचे. शेवाळ धूर प्यायचं, ऊन खायचं आणि वाढायचं. मला हे फार आवडायचं. ज्या धुरानं आमच्या बायकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची, तो धूर कुणीतरी पिऊन टाकतंय, यात मला आमच्या गावाचा थोडा सूड वाटायचा.

पण सगळ्याचं मूळ होतं शेडच्या आतल्या काचेच्या टाकीत. ती बियाण्याची टाकी. परीक्षानळीत आणलेलं शेवाळ पहिल्या वर्षी आमच्या उन्हाळ्यात मेलं. थोडं जगलं, ते मॅडमनी पुन्हा वाढवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यातलं थोडं जगलं. असे तीन उन्हाळे काढून इथल्या उन्हाला आणि इथल्या धुराला टिकेल असं बियाणं त्या टाकीत तयार झालं होतं. मूळचं नाजूक शेवाळ थंड पेटीत बाटल्यांमधून होतं, पण हे कणखर झालेलं फक्त टाकीत. हे मला आज सांगता येतं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की टाकीत हिरवं पाणी आहे आणि मॅडम रोज आल्याआल्या तिच्यापाशी जाऊन उभ्या राहतात, आपण गोठ्यात जाऊन गाभण म्हशीला बघतो तशा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी चारही तळी रिकामी करून धुतली होती. दसरा झाला की टाकीतलं बियाणं तळ्यांत सोडायचं, महिन्याभरात तळी हिरवी करायची आणि मग बसगाड्यांच्या कंपनीची माणसं बघायला येणार, असं ठरलं होतं. त्यांना पसंत पडलं तर कंपनी चालणार, नाहीतर बंद. बाहेरच्या साहेबांनी हे मला साध्या शब्दांत सांगितलं होतं. "आबा, एवढं एक जमलं ना, की मग तुमच्या विभागात दोन माणसं देतो हाताखाली."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिघंही माण गावाला एका बैठकीला गेले होते. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी काय असतं ते सांगायला नको. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, जिथं म्हणून मशीन आहे तिथं माणसं रॉकेल आणि फडकी घेऊन भिडलेली असतात. दुसऱ्या दिवशी पूजा. मशीनला झेंडूची माळ, हळदीकुंकू, पेढे. मशीन मळकी ठेवून तिच्यापुढं नारळ फोडणं म्हणजे न आंघोळ करता देवळात जाणं. मी सगळं घासलं. मोटरी, चाकं, नळ्या, पान्यांची पेटी. राहिली टाकी. बाहेरून पुसली तरी ती लखलखेना, कारण आतून काचेवर हिरवा थर धरलेला.

मी काही मूर्ख नव्हतो. टाकी रिकामी केली नाही. पाण्याला हात लावला नाही. फक्त पाण्याच्या वरचा थर काढायचा होता. तळी धुवायला आणलेला पांढऱ्या पावडरीचा डबा तिथंच होता, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. बादलीत कालवली, ब्रश बुडवला, स्टुलावर चढलो आणि आतून काच घासली. दोनदा घासली. ओघळ आत गेले असतील, त्याचं काय एवढं? विहिरीत टाकलेली पावडर आपण पितोच की. संध्याकाळी लांब उभं राहून टाकी पाहिली. आरशासारखी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पूजेला तिघंही आले, मॅडम तर नऊवारी नेसून. टाकीकडं बघून म्हणाल्या, "अगबाई, आबा, किती चकचकीत केलीत!" आणि मग जरा थांबून, "रंग फिका वाटतोय का रे?"

"काच साफ झाली ना, म्हनून तसं वाटायलंय," इंजिनिअर म्हणाला.

मी टाकीला माळ घातली. माझ्या हातानं.

दसऱ्याची सुट्टी झाली. परत आलो तेव्हा पाणी पिवळट. दुपारपर्यंत ताकाच्या निवळीसारखं. मॅडम काचेला हात लावून उभ्या होत्या. माझी थोरली बहीण पाळण्यापाशी अशीच उभी राहिलेली मी लहानपणी पाहिली आहे, त्याच्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

मग भांडण सुरू झालं. त्या तिघांना मी कधी भांडताना पाहिलं नव्हतं, वाद घालायचे तेवढंच. मॅडमना वाटलं, इंजिनिअरनं धुराची नळी जास्त उघडली. इंजिनिअरला वाटलं, मॅडमनी नवीन खत टाकलं ते बाधलं.

"मी व्हॉल्व्हला हात लावला नाही म्हणलं ना! कितीदा सांगायलो!"

"मग काय आपोआप मेलं?"

"तुमचं शिक्षन हाय त्यातलं, तुम्ही सांगा."

"भावा, आवाज खाली," बाहेरचे साहेब म्हणाले. "तुम्ही दोघं ठरवा कुणाचं चुकलं. मला बसवाल्यांना तोंड दाखवायचंय. तीन वर्षं मी लोकांपुढं हात जोडतोय राव, आणि तुम्हाला एक टाकी सांभाळता येत नाही?"

मी मोरीपाशी कप विसळत होतो. तेच कप पुन्हा पुन्हा विसळत होतो.

फळा कोरा होता. तिघांपैकी कुणीच काही लिहीत नव्हतं, कारण तिघांनाही मनापासून वाटत होतं की आपण काही केलं नाही. आणि ते खरंच होतं.

मला कधी कळलं? घरी. बायको माझी खाकी पँट धुवायला घेऊन अंगणात बसली होती.

"अवो, ह्ये काय करून आणलंय? नव्या पँटीवर ह्ये पांढरं ठिपकं कशाचं?"

"कुठं?"

"डोळं माझं नवीन हायेत, तुमचं न्हाईत. ह्ये बघा. सगळा रंग खाल्लाय."

ठिपके गुडघ्यापाशी होते. स्टुलावर उभं राहिल्यावर ब्रशचे थेंब पडतात तिथं. मी पँट हातात घेतली. जिथं जिथं थेंब पडला तिथं तिथं खाकी रंग गेलेला. मी ओट्यावर खाली बसलो.

"पँटच हाय," ती म्हणाली. "येवढं काय?"

मी तिला सांगितलं. सगळं. तिनं पिळे वाळत घातले, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"त्यांना सांगितलं?"

"न्हाई."

"कवा सांगनार?"

"आपुन होऊन मेलं आसंल. त्यांचं शेवाळच नाजूक. मी इतकी वर्सं..."

"इतकी वर्सं मशिनी पुसल्या, म्हायतीये मला. आता त्या पोरांच्या डोळ्यातलं पानी पुसा. ज्या मानसानं मला डोळं दिलं, त्याच्या घासात तुमी माती कालवून आलाय आनि हितं पँट धरून बसलाय व्हय?"

मी जेवलो नाही. हट्टी माणूस हट्टानं गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि तरीही बोललो नाही. मला कळत होतं, एक वाक्य पुरेल. पण ते वाक्य माझ्या गळ्यातल्या कार्डाच्या दोरीत अडकलं होतं. ऑपरेटर, टाकी विभाग.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेट उघडलं तर इंजिनिअर माझ्या आधी येऊन उभा. खांद्याला बॅग. आत जाऊन स्वतःचे पाने भिंतीवरून उतरवायला लागला. एकेक पाना तेलाच्या कापडात गुंडाळत होता. तसं गुंडाळायला त्याला मीच शिकवलं होतं.

"कुठं निघाला?"

"जायलो आबा. जुन्या कंपनीत विचारलंय, घेतील बहुतेक." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही राहिला हो त्यांचा. मला तरी कुठं राहिलाय माझ्यावर? रात्रंदिवस तेच डोक्यात. खरंच माझ्याकडून व्हॉल्व्ह उघडा राहिला असंल का? आठवतच नाही."

तो माणूस न केलेली चूक आठवायला बसला होता. आता एवढं झाल्यावर मी काय माणूस म्हणवून घेणार?

मी फळ्यापाशी गेलो. पेन उचललं. लिहायला किती वेळ लागला ते देव जाणे. मागं पाने गुंडाळायचा आवाज थांबला. दारात मॅडमची चप्पल वाजली आणि तीही थांबली. मी एकेक अक्षर काढत होतो आणि मला माहीत होतं की दोघं मागं उभं राहून माझ्या वेलांट्या बघतायत.

'टाकी मी धूतली. पांढरी पावडर लावून. यांचि चूक नाही.'

पेन खाली ठेवलं. वळायचं धाडस होईना. फळ्याकडं तोंड करूनच म्हणालो, "पूजेसाठी घासली. चांगली दिसावी म्हनून."

मग मॅडम माझ्या शेजारी आल्या. त्यांनी पेन उचललं आणि माझ्या ओळीखाली त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'टाकीत काय आहे हे मी आबांना कधी नीट सांगितलं नाही.'

"तसं लिवू नका," मी म्हणालो. "माझी चूक वाटून घेऊ नका. माझी हाय ती."

"तुमची आहेच," त्या म्हणाल्या. "ही माझी आहे." आणि त्यांना रडू फुटलं. त्या कशासाठी रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. शेवाळासाठी, का इंजिनिअरसाठी, का माझ्यासाठी. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबाच्या डोक्यावर हात ठेवला. "उगी पोरी," म्हणालो. पुढं 'मॅडम' म्हणायचं राहूनच गेलं.

इंजिनिअरनं पाने परत भिंतीवर लावले. शेवटचा पाना लावून मग म्हणाला, "आबा, चहा ठेवता का? आज साखर जास्त घाला."

बाहेरचे साहेब उशिरा आले. फळा वाचला. पुन्हा वाचला. माझ्याकडं पाहिलं आणि फोन घेऊन बाहेर निघून गेले. ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या दोघांची माया सोसत नव्हती, याचा राग सोसत होता. मी कार्ड काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. नवव्या दिवशी गेटवर गाडी थांबवून त्यांनी काच खाली केली आणि कार्ड माझ्या अंगावर टाकलं.

"घाला ते. बसवाल्यांना सांगितलंय, एक उन्हाळा द्या. देतो म्हणालेत, पण हे शेवटचं. आता पुन्हा धुतलीत ना, तर घरी मावशींना सांगीन."

"तिला म्हायती हाय."

"मग पोलिसांना सांगीन," म्हणाले, आणि हसू दाबत गाडी आत घेतली.

थंड पेटीतल्या बाटल्यांमधून पुन्हा सुरुवात झाली. या वेळी मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. एक डोळा मिटून पाहिलं तर हिरव्या मण्यांसारखं काहीतरी, आणि त्यातला एक मणी माझ्या डोळ्यांदेखत दोन झाला. मी तासभर तिथून हललो नाही. जन्मभर मी हे खरवडून फेकत होतो.

उन्हाळा आला तसं टाकीचं पाणी तापायला लागलं. त्यांचं पाणी गार करायचं यंत्र सारखं बंद पडायचं. मी घरून गोणपाटं आणली, भिजवून टाकीच्या चारी बाजूंना बांधली, दुधाच्या कॅनला बांधायचो तशी, आणि दर तासाला पाणी मारत बसलो. निम्मं शेवाळ तरीही गेलं. निम्मं राहिलं. "पुरेसं आहे आबा," मॅडम म्हणाल्या. पावसाळा सरताना बसगाड्यांची माणसं आली, चारही तळी बघितली, आणि एका गाडीपुरतं तेल मागून गेली. सुरुवातीला एकच गाडी. तिघांनी त्या दिवशी मला मधे उभं करून फोटो काढला.

फळा मी अजूनही महिन्याच्या शेवटी पुसतो. माझ्याही दोन-चार ओळी असतात आता. वेलांट्या चुकतात, मग मॅडम खाली लिहितात, 'आबांची वेलांटी सुधारायची राहिली.' ती पहिली ओळ मात्र मी त्याच महिन्यात पुसली, सगळ्यांच्या ओळींबरोबर. ठेवावी असं इंजिनिअर म्हणत होता. मी म्हटलं, न्हाई, नियम म्हणजे नियम.

परवा खंडेनवमी झाली. मोटरी, चाकं, पाने, सगळं मी आदल्या दिवशी लख्ख केलं. टाकी तशीच ठेवली. आतून जाड हिरवा थर, बाहेरून पाण्याचे डाग. मळक्या मशीनला माळ घालताना माझा जीव अजूनही खालीवर होतो. तरी घातली. हळदीकुंकू लावलं, काचेवर हात टेकला. काच कोमट होती.

मागून बाहेरचे साहेब म्हणाले, "आबा, फडकं कुठंय तुमचं?"

"घरी," मी म्हणालो. "म्हातारीनं लपवून ठेवलंय."